हँडब्रेक पूर्ण ओढा, आणि सोसायट्यांमधली ‘गाडी न्यूट्रलला ठेवा’ ही पाटी काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही पुण्यात सहकारनगरला, तळजाई टेकडीच्या पायथ्याशी राहतो. हा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीये, इथं गाडी लावायला सपाट जागा मिळणं म्हणजे नशीबच. गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास मी दूध आणायला खाली उतरले, तर समोरच्या चढावर लावलेली एक पांढरी कार माझ्या डोळ्यादेखत मागं यायला लागली. आत कुणी नाही, इंजिन बंद, आवाज म्हणाल तर नुसता टायरखाली बारीक खडी चिरडल्याचा. पहिल्यांदा इतकी हळू की मला वाटलं कुणीतरी रिव्हर्स घेतंय, आणि मग दहा-बारा फुटांत तिनं जो वेग धरला तो दोन स्कूटर पाडून कंपाउंडच्या भिंतीवर आदळल्यावरच थांबली. त्या भिंतीशी एक आजी रोज टेकडीवरून उतरल्यावर पिशवी ठेवून पाच मिनिटं दम खातात. त्या दिवशी त्या नुकत्याच उठून चार पावलं पुढं गेलेल्या होत्या. मी ओरडले पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता हे मला नंतर कळलं, त्यांना कमी ऐकू येतं.

गाडीचे मालक टेकडीवर फिरायला गेले होते, ते धावत आले आणि पहिलं वाक्य काय बोलले तर ‘अहो मी हँडब्रेक लावला होता’. आणि ते खरंच होतं. दार उघडून पाहिलं तर लिव्हर दोन खटके वर होती. दोनच. आणि गिअर न्यूट्रलला. माणूस सज्जन आहे, पंधरा वर्षं गाडी चालवतोय, स्कूटरवाल्यांना नुकसान लगेच भरून दिलं, त्यांच्यावर मला राग काढायचा नाहीये. मला लिहायचंय ते त्या दोन खटक्यांबद्दल, कारण त्या दिवसापासून मी आमच्या रस्त्यावर उतारावर लावलेल्या गाड्यांमध्ये काचेतून डोकावून बघायला लागलेय आणि जे दिसतं ते बघून पोटात गोळा येतो. कुणाची लिव्हर अर्धवट, कुणाची तर पार खाली, गाडी फक्त गिअरवर उभी.

ही सवय लागते कुठून त्याचा विचार केला तर उत्तर आमच्याच गेटवर सापडलं. आमच्या सोसायटीत पाटी आहे, ‘डबल पार्किंग करणाऱ्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक लावू नये’. म्हणजे मागच्या माणसाला सकाळी ऑफिसला निघायचं असेल तर त्यानं किंवा वॉचमननं तुमची गाडी ढकलून बाजूला करायची. पुण्यात हे किती ठिकाणी चालतं बघा, जुन्या सोसायट्यांत, मंगल कार्यालयांच्या आवारात, अरुंद गल्लीतल्या दवाखान्यांसमोर. जागा नाही हे मला मान्य आहे, एका घरात दोन-दोन गाड्या झाल्यात आणि पार्किंग १९८० च्या हिशोबाचं. पण एक टन वजनाची वस्तू कशालाही न बांधता उभी करायची आणि ती कुणीही ढकलू शकेल अशी मुद्दाम ठेवायची, याला आपण सोय म्हणतो! जी गाडी साठ वर्षांचा वॉचमन एका हातानं ढकलू शकतो ती गाडी थोडासा उतार असला की स्वतःची स्वतःही चालू लागते. आणि त्या मोकळ्या जागेतच संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळत असतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ आहे. त्याचा साध्या भाषेत अर्थ असा की सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवताना ड्रायव्हरच्या सीटवर लायसनवाला माणूस बसलेला हवा, नाहीतर मग इंजिन बंद करून ब्रेक लावलेला किंवा ड्रायव्हर नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. म्हणजे रस्त्यावर डबल पार्क करून, हँडब्रेक न लावता न्यूट्रलला सोडलेली गाडी सरळसरळ कायद्याच्या विरुद्ध आहे. सोसायटीच्या आवाराला हे कलम लागतं की नाही यावर कुणी माझ्याशी वाद घालेल, घालू दे, त्या आजींच्या पायाला सार्वजनिक आणि खासगी उतारातला फरक कळला नसता.

दुसरं कारण मेकॅनिक लोक सांगतात ते. ‘ताई पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर चिकटतात.’ हे खोटं नाहीये. बहुतेक छोट्या गाड्यांना मागच्या चाकात ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा असतो, हँडब्रेक ओढला की केबल ताणली जाते आणि आतले लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, ड्रमला घट्ट दाबले जातात, त्यात पाणी गेलेलं असलं आणि गाडी आठ-दहा दिवस तशीच उभी राहिली तर गंज धरून ते चिकटतात, मग गाडी काढताना मागचं चाक फिरतच नाही किंवा ‘खट्ट’ आवाज होऊन सुटतं. त्यामुळं आठवडाभर गावाला जाणार असाल आणि गाडी सपाट पार्किंगमध्ये असेल तर गिअरमध्ये टाकून दोन चाकांना पुढून-मागून विटा लावून हँडब्रेक सोडून ठेवा, काही बिघडत नाही. पण हा सल्ला फक्त सपाट जागेसाठी, फक्त जास्त दिवसांसाठी. आपण काय केलं तर तेवढा अर्धा सल्ला उचलला आणि रोजच्या रोज, उतारावर, भर उन्हाळ्यातसुद्धा वापरायला लागलो.

बरं नुसत्या गिअरवर गाडी का उभी ठेवू नये, तर गिअरमध्ये टाकलेली गाडी बंद इंजिनच्या आतल्या दाबावर अडलेली असते. जोराचा उतार असेल, गाडी भरलेली असेल, मागून कुणाचा हलका धक्का बसला तर ती एकेक हिसका देत सरकू शकते. आणि नुसत्या हँडब्रेकवरही ठेवू नये, कारण केबल ताणून सैल पडते, कधी तुटतेही. दोन्ही पाहिजेत. ज्यांच्या गाडीला मागंही ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे तबकडी आहे त्यांनी तर जास्त जपावं, घाट उतरून आल्याआल्या डिस्क तापून फुगलेली असते, त्यावर हँडब्रेक कसाबसा ओढून तुम्ही चहा प्यायला गेलात तर पंधरा-वीस मिनिटांत ती गार होऊन आकसते आणि पकड ढिली पडते. सिंहगडावर वरच्या पार्किंगला गाडी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, दरवाजा लावताना गाडी हलली नाही म्हणजे पिठलं-भाकरी खाऊन येईपर्यंत हलणार नाही असं नसतं.

मी स्वतः कसं लावते ते सांगते, माझ्या वडिलांनी शिकवलं तसं. पायाचा ब्रेक दाबलेलाच ठेवायचा, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, गिअर न्यूट्रलला घ्यायचा आणि मग पाय हळूच उचलून बघायचं, गाडी हँडब्रेकवर बसते का. ती इंचभर बसते आणि थांबते, ते अंगाला कळतं. मग इंजिन बंद करून गिअर टाकायचा, तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. आणि चाकं वळवून ठेवायची, हे तर कुणीच करत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूला लावतो, तर उताराकडे तोंड असताना चाकं डावीकडे, फुटपाथकडे वळवा, म्हणजे सुटलीच तर गाडी फुटपाथला अडेल. चढाकडे तोंड असेल आणि फुटपाथ असेल तर चाकं उजवीकडे वळवा, मागं येताना टायरची मागची बाजू फुटपाथला टेकून थांबते. फुटपाथच नसेल, आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी नाहीये, तर चाकं डावीकडेच ठेवा म्हणजे गाडी निदान रस्त्याच्या मधोमध येणार नाही. याला पाच सेकंद लागतात.

गिअरमध्ये टाकून ठेवायला लोक घाबरतात त्याचंही कारण मला माहितीये. घरात एका गाडीवर दोघं-तिघं चालवणारे असतात, एकानं गिअरमध्ये ठेवली, दुसऱ्यानं क्लच न दाबता चावी फिरवली की गाडी उडी मारते. याच्यावर उपाय क्लच दाबूनच स्टार्टर मारायची सवय लावणं हा आहे, आता बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय चालूच होत नाहीत.

ऑटोमॅटिकवाल्यांचा वेगळाच गोंधळ. ‘पी’ला टाकली की झालं असं त्यांना वाटतं. ‘पी’ला टाकल्यावर गिअरबॉक्समध्ये एक छोटा खटका दातात अडकतो, बस, उतारावर अख्ख्या गाडीचा भार त्या एका खटक्यावर येतो. म्हणून आधी हँडब्रेक, मग पाय उचलून भार त्याच्यावर येऊ द्यायचा, आणि शेवटी ‘पी’. निघताना उतारावर ‘पी’तून काढताना खाड्कन आवाज येत असेल तर समजा की तुम्ही क्रम उलटा केलाय. आणि पुण्यात हल्ली ज्या स्वस्तातल्या एएमटी गाड्या (साधाच गिअरबॉक्स, पण गिअर आपोआप बदलणारा) भरपूर दिसतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांना ‘पी’ नसतोच! त्या गाड्या ‘एन’ला ठेवून बिनधास्त उतरणारे लोक मी पाहिलेत. एएमटी गाडी बंद करतानाही गिअरमध्येच ठेवायची असते, आणि हँडब्रेक ओढूनच. शोरूमवाल्यांनी गाडी देताना फुलांचा हार आणि फोटो याच्या आधी हे सांगायला पाहिजे.

आता इमर्जन्सीबद्दल. याबद्दल मला जास्त लिहावंसं वाटतं कारण आमच्या घरात ते घडलेलं आहे. माझे वडील टेम्पो चालवायचे, सासवडहून सीताफळं आणि अंजिरं भरून पुण्याला मार्केट यार्डात. मी सहावी-सातवीत असेन, सुट्टी होती म्हणून मी आणि भाऊ पुढं त्यांच्याशेजारी बसलेलो. दिवेघाट उतरताना, मस्तानी तलाव दिसायला लागतो ना त्याच्या जरा आधी, वडिलांनी ब्रेक दाबला आणि पाय सरळ तळाला गेला. ते काही बोलले नाहीत, मला फक्त त्यांचा पाय भराभर वर-खाली होताना दिसला. नंतर कळलं की असं पाय मारत राहिलं तर कधीकधी थोडा ब्रेक परत मिळतो. त्यांना नाही मिळाला. मग तिसऱ्यातून दुसरा, इंजिन असं काही ओरडलं की भावानं कान झाकले, मग पहिला, आणि डाव्या हातानं हँडब्रेक, पण एकदम नाही. लिव्हरच्या टोकाचं बटण दाबून धरलेलं आणि थोडा ओढ, थोडा सोड, परत थोडा ओढ. भाऊ रडायला लागला होता. शेवटी डोंगराच्या बाजूच्या मातीत चाक घालून गाडी थांबली, आणि वडिलांनी खाली उतरून पहिल्यांदा सीटखालचा लाकडी ठोकळा काढून चाकाला लावला आणि मग आम्हाला उतरवलं. आधी ठोकळा, मग आम्ही. लहानपणी मला त्याचं वाईट वाटलं होतं, आता कळतं.

त्यांनी जे केलं त्यातला प्रत्येक भाग महत्त्वाचा आहे. पायाचा ब्रेक ऑईलच्या दाबावर चालतो, ऑईल गळालं किंवा घाटात सारखा ब्रेक दाबून ते उकळलं आणि पाइपात वाफ झाली की पेडल पोकळ होतं. हँडब्रेकची मात्र स्वतःची वेगळी केबल असते, तिला ऑईल लागत नाही, म्हणून तो तेव्हाही काम करतो. पण तो फक्त मागच्या दोन चाकांना लागतो आणि वेग कमी होताना गाडीचा भार पुढं जातो, मागची चाकं हलकी होतात, त्यामुळं वेगात असताना हँडब्रेक खस्सकन पूर्ण ओढला तर मागची चाकं जागच्या जागी लॉक होतात आणि गाडीचं बूड फिरतं. ओल्या रस्त्यावर तर हमखास. म्हणून बटण दाबून धरायचं, म्हणजे खटका अडकत नाही आणि चाक घसरतंय असं वाटलं की लगेच सैल सोडता येतं. आणि त्याच्याआधी गिअर खाली उतरवायचे, कारण खरा वेग इंजिन कमी करतं. घाटात लायनर आधीच तापून गुळगुळीत झाले असतील तर हँडब्रेकही तेच लायनर वापरतो, तोही अर्धाच लागतो, म्हणून मुळात ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. इंजिन बंद करायचं नाही. इंजिन बंद झालं की पायाचा ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा कडक होतो, स्टेअरिंग जड होतं आणि चावी काढली तर स्टेअरिंग लॉकच. आणखी एक, हँडब्रेक ओढला तर मागचे लाल ब्रेक लाईट लागत नाहीत! मागच्याला कळतच नाही तुम्ही थांबताय, म्हणून हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावा, हॉर्न वाजवत राहा.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर काय होतं ते तुमच्याच पेपरात आम्ही सारखं वाचतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री तिथं एका अवजड गाडीनं चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या होत्या. डिझेल वाचवायला तो उतार न्यूट्रलला उतरायची सवय अजून गेलेली नाही. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, इंजिन बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद, आणि प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होत जाते. कारवाले ट्रकवाल्यांना नावं ठेवतात, पण तोच उतार न्यूट्रलला उतरणाऱ्या कारसुद्धा काही कमी नाहीत.

नव्या महाग गाड्यांत लिव्हरच्या जागी छोटं बटण आलंय. बऱ्याच जणांना वाटतं ते फक्त पार्किंगचं. बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीत ते बटण ओढून तसंच धरून ठेवलं तर गाडी स्वतः सांभाळून ब्रेक लावते, बटण सोडलं की ब्रेक सुटतो. आपल्या गाडीचं पुस्तक काढून ते पान एकदा वाचा, आणि घरच्यांनाही दाखवा. कारण ड्रायव्हरला चक्कर आली, छातीत दुखायला लागलं, तर शेजारी बसलेल्या माणसाच्या हाताशी येतो तो हँडब्रेकच. मी माझ्या सासूबाईंना शिकवलंय, त्या कधी गाडी चालवत नाहीत, पण एका हातानं स्टेअरिंग धरून गिअर न्यूट्रलला सरकवायचा आणि बटण दाबून हळूहळू लिव्हर ओढायची, हे त्यांनी तळजाईच्या मोकळ्या मैदानात अगदी हळू गाडीत तीनदा करून बघितलं. सत्तरीच्या आहेत.

हँडब्रेक तपासतं कोण हाही प्रश्न आहे. खासगी गाडी एकदा पासिंग झाली की पंधरा वर्षं तिला आरटीओत न्यावं लागत नाही. पीयूसीवाला धूर बघतो, ब्रेक बघत नाही. सर्व्हिसिंगला देताना आपण एसी, आवाज, अ‍ॅव्हरेज सांगतो, हँडब्रेक कुणी सांगत नाही. लिव्हर साधारण ५ ते ८ खटक्यांत घट्ट व्हायला हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, ती जर वर वर जातच राहिली तर केबल किंवा लायनर बघायची वेळ झाली. आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा, तो बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचा आणि ब्रेक ऑईल कमी झाल्याचा एकच असतो. हँडब्रेक पूर्ण खाली करूनही दिवा जात नसेल तर ‘सेन्सर खराब असेल’ म्हणून निघू नका, बॉनेट उघडून ऑईल बघा.

लायसनच्या टेस्टबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १५ मध्ये स्पष्ट आहे की उमेदवारानं चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा किंवा रेस आणि पायाच्या ब्रेकचा नीट वापर करून, मागं न येऊ देता परत काढून दाखवली पाहिजे. माझ्या भाचीनं यंदा क्लास लावला, महिनाभर शिकली, तिला एकदाही चढावर हँडब्रेक लावून गाडी काढायला शिकवलं नाही. हाफ क्लचवर धरायला शिकवलं. आता ती फ्लायओव्हरच्या चढावर सिग्नलला अडकली की घाबरते, क्लच जाळते, आणि मागचा स्कूटरवाला तिच्या बंपरला चिकटून उभा असतो. मी तिला एका रविवारी आमच्याच चढावर उभं केलं. हँडब्रेक ओढ, पहिला टाक, थोडी रेस दे, क्लच सोडत ये, बॉनेट जरासं उचललं जातं तिथं थांब, आणि मग हँडब्रेक सोड. अर्ध्या तासात जमलं. क्लासवाल्यांनी फी घेऊन हे का शिकवू नये?

तुमच्या पेपरमधून एवढंच छापा अशी विनंती आहे, की सोसायट्यांनी ती पाटी काढावी आणि डबल पार्किंग अटळच असेल तर त्या गाडीची चावी वॉचमनकडे किंवा फोन नंबर काचेवर ठेवायचा नियम करावा. आमच्या इथं मी सेक्रेटरींना लेखी दिलंय, मीटिंगमध्ये दोघांनी विरोध केला, सकाळी वॉचमननं जिन्यानं वर येऊन चावी मागणं त्यांना त्रासाचं वाटतं. निर्णय पुढच्या मीटिंगला आहे. तोपर्यंत मी सुताराकडून चार लाकडी ठोकळे करून घेतलेत, लाल रंग देऊन गेटपाशी ठेवलेत, आणि त्या पांढऱ्या गाडीचे मालक रोज सकाळी टेकडीवर जाताना त्यातला एक मागच्या चाकाला लावून जातात.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे